दस्तीखालचा आकडा

लातूरला आमचं बिऱ्हाड गेलं, तेव्हा घरमालक बसलिंगअप्पांनी आपल्या घरातली खोली दाखवायच्या आधी तिच्या खोडी सांगितल्या. "पावसात ह्या कोपऱ्यात गळतंय. भिताडातनं इंचू निघतेत, बघून पाय टाकायचा. आडाचं पाणी मचूळ हाय, डाळ शिजत न्हाई. शेजारी तेलाचा घाना हाय, पहाटंपास्नं कुरकुरतोय." एवढं सांगून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "बाकी बरं हाय."

आमचे हे सरकारी शाळेत मास्तर, नुकतेच बदलून आलेले. ते माझ्याकडं बघायला लागले. मी नवी नवरी, नांदेडची, सासरी तोंड उघडायची चोरी. पण उन्हात उभं राहून डोकं उठलं होतं, म्हणून मी पदराआडून म्हटलं, "विंचू आमच्या नांदेडातही असतात." अप्पा हसले नाहीत. "मंग ऱ्हावा," म्हणाले आणि कमरेची किल्ली काढून दिली. पुढं पाच-सहा वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं, घाण्यासकट.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. ती शेवटची आहेत हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. महायुद्धाची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, शाळेत सगळं उर्दूतून चालायचं आणि आमचे हे घरी आले की मराठीत वैताग करायचे. अप्पांचं उर्दू यांच्यापेक्षा फर्डं होतं. मराठी मात्र निलंग्याकडचं, मध्येच कानडी शब्द टाकणारं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बाराबंदी, खांद्यावर दस्ती. दस्ती म्हणजे हातरुमाल, पण अप्पांची दस्ती चांगली टॉवेलाएवढी होती.

गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं अडतीचं दुकान होतं. शेतकरी माल आणायचे, व्यापारी घ्यायचे आणि मध्ये अप्पा. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर तूर वर काढायची आणि धन्याच्या देखत व्यापाऱ्याला सांगायचं, "वरचा माल चांगला हाय. खाली ओल हाय, किडा बी लागलाय. आता बोला." धनी चरफडायचा. "अप्पा, तुमी आमचे का त्येंचे?" तर म्हणायचे, "मी मालाचा." गंजात त्यांना मागून 'खोटवाले अप्पा' म्हणायचे. तरी माल त्यांच्याच दारात यायचा, कारण अप्पांनी चांगलं म्हटलेलं पोतं व्यापारी उघडूनसुद्धा बघत नसत.

भाव मात्र तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. दलाल आणि व्यापारी हातात हात घालायचे, वरून दस्ती टाकायची आणि आत बोटं दाबून आकडे सांगायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते कुणाला कळत नसे. एकानं आकडा द्यायचा, दुसऱ्यानं मान हलवायची, पुन्हा द्यायचा. जमलं की "ठरलं" म्हणून हात सोडायचे.

त्यांच्या घरात बाईमाणूस नव्हतं. बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागं राहिली ती गिरजा, तेव्हा तीन वर्षांची. दुसरं लग्न करा म्हणून बहिणीनं, जंगमानं, साऱ्या गावानं सांगून पाहिलं. अप्पांनी कुणाशी वाद घातला नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. भाकरी स्वतः थापायचे, धुणं स्वतः धुवायचे. गिरजाची वेणी घालायचे ती पोत्याचं तोंड शिवल्यासारखी, कचाकच आवळून. पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि ती दिवसभर नवल वाटल्यासारखी दिसायची. मी आल्यावर एकदा म्हटलं, "अप्पा, मी घालत जाईन वेणी." त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला आणि माझा हात कसा चालतो ते उभं राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःच घातली. "तुमची सैल बसती, मास्तरीणबाई," म्हणाले.

गिरजा तेव्हा चौदाची असेल. बारीक, लांब बोटांची, बोलायला फटकळ. मला वहिनी म्हणायची आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. तिला मधून मधून ताप यायचा, सांधे धरायचे. आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं. आठवड्यानं उतरायचा आणि ती पुन्हा चौकात लंगडी घालायची. सगळे म्हणायचे, वाढीचा ताप आहे. वैद्याचा काढा झाला, हकिमाच्या पुड्या झाल्या. एके दिवशी ती आडावरून कळशी घेऊन आली आणि उंबऱ्यावर टेकली ती उठेचना. ओठ जांभळे पडले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर आत धडधड नव्हती, नुसती फडफड होती. मी अप्पांना म्हटलं, नांदेडला चला. माझ्या माहेराजवळ सरकारी दवाखाना आहे, तिथला डॉक्टर हुशार आहे म्हणतात.

नांदेडची मोटार तेव्हा कोळशावर चालायची. लढाईनं पेट्रोल मिळेना, म्हणून मागं भट्टी बसवलेली. धूर माणसांच्या नाकात जायचा आणि चढ आला की मोटार थांबायची, सगळ्यांनी उतरून चालायचं. लोह्याच्या अलीकडं असाच एक चढ लागला. क्लीनरनं सगळ्यांना उतरवलं. "बीमार है," अप्पा म्हणाले. "बीमार है तो भी उतारो, गाडी नहीं चढती." अप्पांनी दस्ती डोक्याला गुंडाळली, खाली वाकले आणि हमाल पोतं घेतो तशी गिरजाला पाठीवर घेतली. चढ संपेपर्यंत ते एकदाही थांबले नाहीत. वर पोचल्यावर गिरजा म्हणाली, "अप्पा, माझं वजन किती भरलं?" अप्पा धापा टाकत म्हणाले, "हलकंच हाय. ओल वाळलेली दिसती." ती खदखदून हसली आणि हसून दमली. मी तिला वारा घालत बसले.

डॉक्टरांनी गिरजाला बराच वेळ तपासलं. मग अप्पांना व्हरांड्यात बोलावलं. मी तिथंच खांबापाशी गिरजाच्या चपला हातात धरून उभी होते. डॉक्टर वयस्कर होते, आवाज मऊ होता. "दिल का वॉल्व खराब हो गया है. दवा से थोडा आराम मिलेगा. नमक बंद, सीढी बंद. और शादी का खयाल छोड दो. बच्चा होते वक्त नहीं बचेगी." अप्पांनी विचारलं, "और वैसे?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वैसे भी... दो साल समझो. आगे अल्लाह मालिक है."

अप्पा उभेच राहिले. मला वाटलं, खाली बसतील. पण ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी काय ऐकलं न्हाई." मग आत जाऊन गिरजाला म्हणाले, "मीठ खायचं न्हाई, जिना चढायचा न्हाई, असं म्हणले. बाकी बरं हाय." खोडी आधी सांगणाऱ्या माणसानं त्या दिवशी एक खोड पोटात ठेवली. मी चपला तिच्या पायात घातल्या आणि वर बघितलं नाही.

लातूरला परतल्यावर अप्पांनी घरातलं मीठच संपवलं. पोरीनं अळणी खायचं आणि आपण खारट, हे त्यांना जमेना. जवारीची भाकरी, तिखटाचा गोळा, सगळं बिनमिठाचं. चार महिन्यांनी मी विचारलं, "अप्पा, जातं कसं घशाखाली?" इकडंतिकडं बघून म्हणाले, "दुकानात मिठाचा खडा ठिवलाय. दुपारी चोखताव जरा. तिला सांगू नका." मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, म्हणून मी घाईनं आत गेले.

गिरजाला आता बहुतेक वेळ बाजेवर काढावा लागे. चौदा वर्षांची पोर, किती पडून राहणार? कंटाळून ती भांडायची, भाकरीचं ताट सरकवायची. तेव्हा अप्पांनी तिला दस्तीखालचे आकडे शिकवले. गंजातून आले की हातपाय धुवून बाजेच्या काठावर बसायचे, दस्ती टाकायची आणि दोघांचा सौदा चालायचा. खोटी तूर, खोटी करडई, खोटे व्यापारी. गिरजा नकला करायची, अमका व्यापारी कसा तोंड वाकडं करतो, तमका कसा जांभई देतो. पोर इतकी तरबेज झाली की एकदा मला म्हणाली, "वहिनी, अप्पांचा आकडा मला दस्तीवरनं बी कळतो. दोन म्हणताना त्येंचा खांदा जरासा म्होरं येतो. पाच म्हणताना मान खाली जाती. गंजात कुणालाच म्हाईत न्हाई." आपल्याला एक गुपित कळलंय, याचा तिला फार आनंद झाला होता.

त्याच दिवसांत स्थळं यायला लागली. तेव्हा चौदा-पंधरा म्हणजे उशीरच. घर चांगलं, बाप नावाजलेला, एकुलती एक पोर. अप्पांनी पहिल्यांदा सांगितलं, वर्षभर थांबा. मग म्हणाले, मुलगा सावळा आहे. मग म्हणाले, गाव लांब आहे. एका चांगल्या घरच्या माणसांना तर "तुमच्या वाड्यात उजेड न्हाई" असं सांगून वाटेला लावलं. मला त्यांची ती तारांबळ बघवत नसे. ज्याला खोटं बोलायची सवय नाही, त्याचं खोटं फार उघडं पडतं. गावात बोलायला लागले, बसलिंगअप्पाला गर्व झालाय. बायका तर आडावर मोठ्यानं म्हणायच्या, "बायकू मेली, आता पोरगी घरात राबाया पायजे. कशाला लगीन लावंल?" राबणारी पोर बाजेवर बसून बापाच्या हातची अळणी भाकरी खात होती. मी तिथं काही बोलू शकत नव्हते. घागर जोरात आपटून भरायची, एवढंच मी करत असे.

आणि मग निलंग्याचे शेटजी आले. अप्पांचे तरुणपणापासूनचे स्नेही. वीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या हातात हात घालून व्यवहार केलेला. ते थेट बैठकीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बसलिंगा, आडपडदा न्हाई. पोरगी दे. माझ्या धाकट्याला. घरची हाय, सांभाळू."

मी आत पाहुण्यांसाठी चुरमुऱ्यांची सुशीला करत होते. गिरजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि परत येताना दम लागला म्हणून दाराशीच टेकली. म्हणजे ती तिथं होती. अप्पांची अडचण मला स्वयंपाकघरातून स्वच्छ दिसत होती. या माणसापाशी खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं, आणि पोरीसमोर खरं बोलणंही शक्य नव्हतं. थोडा वेळ ते बोटांनी सतरंजी उकरत राहिले. मग म्हणाले, "हात आण."

शेटजी हसले. "पोरीचा भाव करतूस का काय?" पण सवयीनं हात पुढं केला. अप्पांनी दस्ती टाकली. डावा हात स्वतःच्या छातीवर, काळजापाशी ठेवला, एकदा दाराकडं नजर टाकली आणि आत आकडा दिला. दस्ती जेमतेम हलली. शेटजींचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हळूहळू उतरलं. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, खरंच? अप्पांनी तोच आकडा पुन्हा दिला. मी पुढं ठेवलेल्या सुशीलेला शेटजींनी हात लावला नाही. उठून जाताना गिरजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायरी उतरले. अप्पांना वाटलं, आपण दोन्ही गोष्टी साधल्या. मित्राला फसवलं नाही आणि पोरीला कळू दिलं नाही.

अप्पा गंजात गेल्यावर मी चौकात भांडी घासत होते. गिरजा भिंतीला धरून माझ्याजवळ येऊन बसली. "वहिनी, अप्पांनी दोन सांगितलं. दोनदा सांगितलं. दोन म्हंजी काय?"

माझ्या हातातलं पातेलं थांबलं. "मला गं काय ठाऊक. एखाद्या पोत्याचं असेल."

"तिथं पोतं कुठं होतं, वहिनी?" ती म्हणाली. "मीच होते की."

तिला उत्तर द्यायची गरज उरली नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि सगळं तिथं वाचत होती. मग म्हणाली, "नांदेडापास्नं का?" मी मान डोलावली. तिनं आपली दोन बोटं दुसऱ्या मुठीत धरून पाहिली. रडली नाही. उलट मलाच म्हणाली, "पातेलं धुवा, वाळून जाईल."

अप्पा आले तेव्हा मी तांदूळ निवडत ओट्यावर बसले होते, उठून जावं की बसावं ते कळेना. त्यांनी हातपाय धुतले, नेहमीसारखे बाजेवर बसले. गिरजानं त्यांच्या खांद्यावरची दस्ती ओढून घेतली आणि त्यांचा हात धरला. "आज काय इकायचं?" अप्पांनी विचारलं. ते अजून खेळात होते.

"सकाळचाच माल हाय," ती म्हणाली. "दोन मला परवडत न्हाई, अप्पा. वाढवा."

अप्पांनी हात ओढून घ्यायला पाहिलं. तिनं सोडला नाही. एवढीशी पोर, पण त्या वेळी तिच्या बोटांत कुठून जोर आला कोण जाणे. "वाढवा म्हणते ना. व्यापारी पयल्या आकड्यावर कधी ठरवतो का? तुमीच शिकवलं." अप्पांची मान खाली गेली. दस्ती हलली. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा हलली. पुन्हा नाही. अप्पांचं कपाळ हळूहळू खाली येत येत दस्तीला टेकलं आणि त्यांची पाठ गदगदायला लागली. मी त्या माणसाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. दस्तीखालचे हात मात्र सुटले नव्हते. शेवटी गिरजा म्हणाली, "बरं. ठरलं." कितीवर ठरलं ते दोघांनी मला कधी सांगितलं नाही.

मग अप्पांनी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, काळजाची झडप म्हणजे काय, लग्न का नको, आई कशी गेली. एकही खोड मागं ठेवली नाही. ती ऐकत होती आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. आधी का नाही सांगितलं म्हणून दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, तेही मला तिचं बरोबरच वाटलं.

त्यानंतर अप्पांची तारांबळ संपली. कुणी स्थळ घेऊन आलं की ते पाणी पुढं करायच्या आधी सांगायचे, "पोरीच्या काळजाला दुखणं हाय. लगीन करायचं न्हाई." लोक कानावर हात ठेवायचे. बाप असून असं अभद्र बोलतो! आतून गिरजा ओरडायची, "सांधे बी दुखतेत म्हणावं!" आधी गर्विष्ठ ठरलेले अप्पा आता निर्दय ठरले. त्यांना दोन्हीचं काही वाटत नसे. तिच्या हट्टापायी ते तिला बैलगाडीत गाद्या घालून गंजातही न्यायला लागले. वयात आलेली पोर अडतीवर बसलेली लातुरानं पहिल्यांदाच पाहिली. ती लोडाला टेकून व्यापाऱ्यांचे खांदे बघत बसायची आणि घरी आल्यावर बापाला सांगायची, कोण किती ताणून धरणार आहे. "माझा मुनीम," अप्पा म्हणायचे, आणि त्या दिवसांत त्यांना हसताना मी दोन-चारदा पाहिलं.

डॉक्टरांची दोन वर्षं सरली. गिरजा होती. तिसरं सरलं, तरी होती. पण आता गंजात जाणं सुटलं होतं. पायांवर सूज असायची आणि आडवं झालं की श्वास कोंडायचा. तिला बसूनच झोपावं लागे, आणि लोड-उशा सरकायच्या. म्हणून अप्पा तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे. ती त्यांच्यावर रेलून झोपायची आणि ते भिंतीकडं तोंड करून जागे. दुकान कधी उघडायचे, कधी नाही. पंचेचाळिशीचा माणूस साठीचा दिसायला लागला. बाराबंदी खांद्यावरून लोंबायची. भाकरी थापता थापता डुलकी यायची आणि भाकरी करपायची. मी म्हणायचे, "थोडं पडा, मी बसते." ते म्हणायचे, "थकलो म्हणायला बी येळ लागतो, मास्तरीणबाई. तेवढा बी न्हाई."

एकदा ती झोपली असताना मी चहा घेऊन गेले. पाठ न हलवता कप घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "कवा कवा वाटतं, एकदाचं उरकावं. सुटावी ती, सुटावं मी. मंग सोताचीच लाज वाटती." मी म्हटलं, "चहा निवेल." ते प्याले. मला त्यांचा राग आला नाही, त्या दुखण्याचा आला. माणसाचं प्रेम इतकं झिजवून, शेवटी त्याच्या तोंडून असं वदवून घेणारं दुखणं फार नीच असतं, असं मला आजही वाटतं.

मग रझाकारांचे दिवस आले. रोज नवी बातमी, रोज एखाद्या घराला कुलूप. लोक बैलगाड्या जुंपून हद्दीबाहेर, बार्शी-सोलापूरकडं जायला लागले. आमच्या गल्लीतही सामान बांधलं जाऊ लागलं. आमच्या यांनी अप्पांना परोपरीनं सांगितलं. "गाडीत गाद्या घालू, हळू नेऊ." अप्पा म्हणाले, "मास्तर, चौकात हलवलं तरी तिचा जीव गोळा होतो. बार्शी किती लांब! तुमी जावा. आमी हितंच ऱ्हाताव." तिथं वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी गिरजानं मला बोलावलं. बोलताना ती प्रत्येक शब्दाला थांबत होती. "वहिनी, अप्पांना घिऊन जावा. माझं काय, आज न्हाई तर उद्या. पर त्येंना कुणी मारलं तर? मला पाणी द्यायला घान्यावरची तेलीणमावशी हाय. तुमी सांगितलं तर ऐकतील." तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. मी अप्पांकडं गेले आणि निरोप जशाच्या तसा सांगितला. मला वाटलं, रागावतील. ते आडाच्या कठड्यावर बसले होते. दमलेल्या आवाजात म्हणाले, "तिला सांगा, इचारून आले म्हणावं. अप्पा न्हाई म्हणतेत." मग थोड्या वेळानं, "अन् म्हणावं, तेलीणमावशीला तुझ्या पाठीला पाठ लावता येती का?" मी हा निरोपही पोचवला. गिरजा भिंतीकडं तोंड करून रडली. मीही तिच्यासोबत रडले. आता लपवायचं काय होतं?

पुढचं मला ऐकूनच माहीत आहे. आम्ही बार्शीला असतानाच गिरजा गेली. घरातच गेली, अप्पांच्या पाठीला टेकून, झोपेत. अप्पांना कुणी धक्का लावला नाही. निजामाचं राज्य संपल्यावर ते दुकान मोडून निलंग्याला बहिणीकडं गेले, आणि आमची बदली नांदेडला झाली. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. गल्लीत गाड्या जुंपलेल्या होत्या. कुणी देव बांधत होतं, कुणी म्हशीचं दावं सोडत होतं, पोरं रडत होती. घाणा बंद होता. दारं ओढल्याचे, कड्या घातल्याचे आवाज चालले होते. आमची गाडी वळली आणि अप्पांचं घर समोर आलं. दार सताड उघडं होतं. अंगणात ओला सडा घातलेला. गिरजाची बाज उंबऱ्याशी ओढून आणलेली आणि ती मागं पोत्यांची चवड लावून बसलेली, वेणी कचाकच घातलेली. अप्पा धोतर खोचून अंगणात उकिडवे बसले होते आणि चिमटीनं रांगोळी काढत होते. त्यांना रांगोळी येत नव्हती. ठिपके मोठाले पडत होते आणि रेघ भलतीकडंच जात होती. गल्ली रिकामी होत होती आणि गिरजा बाजेवरून बोटानं दाखवत होती, इथनं तिकडं, तिकडनं खाली.

त्यांनी वर पाहिलं नाही. गाडी पुढं गेली, आणि मागून गिरजाचा बारीक, तुटक आवाज आला.

"अप्पा, ती रेघ पुसा. परत काढा. निवांत काढा. आपल्याला कुठं जायचंय?"